हात वर करणाऱ्यांचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इंग्लंडच्या पूर्वेला, समुद्राच्या अंगाला, नॉरफोक नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सपाट मुलूख, गव्हाची आणि बार्लीची शेतं, मधूनमधून दगडी चर्चचे मनोरे. या नॉरफोकच्या दक्षिण टोकाला डिस नावाचं बाजाराचं गाव आहे आणि त्याच्या जवळच बर्स्टन नावाचं एक लहानसं खेडं.

मार्च १९१३ मध्ये या खेड्यात एक निवडणूक झाली. ती पार्लमेंटची नव्हती, काउंटीचीही नव्हती. ती होती गावच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीची. निकाल लागला तेव्हा गावच्या शाळेतले दुय्यम शिक्षक सर्वाधिक मतं मिळवून पहिले आले होते आणि गावचे रेक्टर, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मोपदेशक, सगळ्यांच्या शेवटी राहून पडले होते.

घटना म्हणाल तर एवढीच. लंडनच्या वर्तमानपत्रांनी तिची दखल घ्यावी असं त्यात काही नव्हतं. पण वर्षभरात त्या शिक्षकाची नोकरी गेली, त्याच्या बायकोची गेली, गावातल्या मुलांनी शाळेकडे पाठ फिरवली, आईबापांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि त्यातून जो संप सुरू झाला तो थेट १९३९ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं चालला. इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला संप म्हणून आज तो ओळखला जातो.

एका खेड्याच्या निवडणुकीवरून एवढं रामायण का घडावं? ज्या कौन्सिलच्या हातात गावच्या पायवाटा, थोडी दिवाबत्ती आणि भाजीपाल्याच्या जमिनीचे तुकडे यांपलीकडे फारसं काही नव्हतं, तिच्यातली एक खुर्ची गेली म्हणून कुणाला एवढं का लागावं? आज आपल्याला हेच पाहायचं आहे. त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं.

चर्चच्या खोलीतला कारभार

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते गिरण्या, आगगाड्या आणि लंडनचं धुकं असं. पण त्याच इंग्लंडमध्ये हजारो खेडी होती आणि त्या खेड्यांत लोकशाहीचा वारा फार उशिरा पोहोचला. गावचा कारभार चाले तो व्हेस्ट्रीमधून. चर्चच्या ज्या खोलीत धर्मोपदेशक अंगावर झगा चढवतात तिला व्हेस्ट्री म्हणत. तिथेच गावची सभा भरे, म्हणून सभेलाही तेच नाव पडलं. अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नसे. रेक्टर असले की तेच अध्यक्ष. शिवाय १८१८ च्या कायद्याप्रमाणे ज्याची मालमत्ता मोठी त्याला मतंही जास्त. एकेका माणसाला सहा-सहापर्यंत मतं असू शकत. सभा दिवसाउजेडी भरे आणि त्या वेळी मजूर शेतात राबत असे.

हा शेतमजूर कसा जगे, हेही लक्षात घ्यायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलासुद्धा नॉरफोकमधल्या मजुराला आठवड्याला तेरा-चौदा शिलिंगांच्या आसपास मजुरी मिळे. तेवढ्यात घरभाडं, पाव, कोळसा आणि मुलांचे बूट. घर बहुधा मालकाचंच असे. म्हणजे काम सुटलं की छप्परही सुटलं. ज्याच्या शेतात राबायचं त्याच्याच खोपटात निजायचं आणि रविवारी चर्चमध्ये त्याच्याच मागच्या बाकावर बसायचं, असा तो जन्म.

या मजुरांना पहिल्यांदा आवाज मिळाला तो १८७२ मध्ये. वॉरिकशर काउंटीतल्या वेल्सबर्न या गावी एका चेस्टनटच्या झाडाखाली सभा भरली आणि जोसेफ आर्च नावाचा शेतमजूर तिथे बोलायला उभा राहिला. त्यातून शेतमजुरांची देशव्यापी संघटना निघाली. पुढे १८८४ च्या सुधारणेनं खेड्यातल्या मजुराला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत मिळालं आणि १८८५ मध्ये हेच जोसेफ आर्च नॉरफोकच्या वायव्य भागातून पार्लमेंटवर निवडून गेले. म्हणजे देशाच्या कारभारात मजुराला मत मिळालं, पण गावच्या कारभारात मात्र अजून नाही. पार्लमेंटमध्ये कोण जाणार हे तो सांगू शके. गावच्या विहिरीचं काय करायचं, हे नाही.

सहाच्या आधी सभा नाही

ही उणीव भरून काढली १८९४ च्या कायद्यानं. ग्लॅडस्टन यांचं लिबरल सरकार होतं आणि विधेयक मांडलं होतं हेन्री फाउलर या मंत्र्यानं. लॉर्डांच्या सभागृहानं त्यात बऱ्याच दुरुस्त्या सुचवून त्याची धार कमी करण्याचा प्रयत्न केला. १ मार्च १८९४ रोजी ग्लॅडस्टन त्यावर कॉमन्स सभागृहात बोलायला उठले. वय वर्षं ८४. एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीतलं त्यांचं हे त्या सभागृहातलं शेवटचं भाषण ठरलं. ज्यानं साम्राज्याचे मोठमोठे प्रश्न हाताळले, त्याचे तिथले अखेरचे शब्द खेड्यांच्या पंचायतींच्या विधेयकावर खर्च व्हावेत, हा योग मोठा बोलका आहे.

या कायद्यातली मोठी कलमं इतिहासाच्या पुस्तकांत असतात. तीनशेहून अधिक वस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला निवडून दिलेली कौन्सिल. एका माणसाला एकच मत. स्त्रियांना, आणि विवाहित स्त्रियांनासुद्धा, मतदार होण्याचा आणि उभं राहण्याचा अधिकार. तोही पार्लमेंटचं मत त्यांना मिळण्याच्या चोवीस वर्षं आधी. रेक्टर हे आपोआप अध्यक्ष ही रूढी बंद. हे सगळं महत्त्वाचं आहेच.

पण मला या कायद्यातली दोन-तीन बारीक कलमं फार आवडतात. एक कलम म्हणतं की गावची सभा संध्याकाळी सहाच्या आधी सुरू होता कामा नये. का? तर मजूर शेतावरून परत यायला हवा. दुसरं कलम म्हणतं की सभेसाठी गावच्या शाळेची खोली विनामूल्य मिळेल. म्हणजे कुणाच्या वाड्याच्या किंवा चर्चच्या दाराशी जाऊन उभं राहायला नको. तिसरं म्हणतं की दुसरी जागा मिळत असताना दारूच्या गुत्त्यात सभा घ्यायची नाही. कायदा लिहिणाऱ्यानं खेडं आतून पाहिलेलं आहे, हे अशा कलमांवरून कळतं. हक्क नुसता कागदावर देऊन भागत नाही. तो बजावायला येणाऱ्या माणसाला वेळ कोणती सोयीची आणि जागा कोणती बिनधोक, हेही ठरवावं लागतं.

जाता जाता आपल्याशी असलेला एक धागा सांगतो. हा कायदा झाला त्या कॉमन्स सभागृहात आपले दादाभाई नौरोजी बसत होते. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी ते निवडून आले होते. आणि विधेयकाचे कर्ते हेन्री फाउलर हा कायदा संमत होताच, त्याच मार्च महिन्यात, भारतमंत्री झाले. इंग्लंडच्या खेड्याला पंचायत देणारा माणूस आता हिंदुस्थानचा कारभार पाहू लागला. पण मुंबई इलाख्यातल्या खेड्यांना तेव्हा १८८४ च्या कायद्याची लोकल बोर्डं होती ती तालुक्याला आणि जिल्ह्याला. गावच्या निवडलेल्या पंचायतीचा कायदा आपल्याकडे यायला १९२० साल उजाडावं लागलं.

हात वर करायचा कुणासमोर?

डिसेंबर १८९४ मध्ये इंग्लंडभर पहिल्या निवडणुका झाल्या. जवळजवळ सात हजार खेड्यांत कौन्सिलं आली. काही ठिकाणी मजूर, सुतार, चांभार निवडून आले. काही ठिकाणी जमीनदार आणि रेक्टरच पुन्हा निवडून आले. पहिला उत्साह ओसरल्यावर पुढच्या काही वर्षांत बऱ्याच गावांत जुनी मंडळी आपापल्या जागी परत येऊन बसली. लोक म्हणू लागले, पाहा, मजुराला कारभारात रसच नाही.

खरी गोम दुसरीकडे होती. पार्लमेंटची निवडणूक १८७२ पासून गुप्त मतदानानं होत असे. आडोशाला जाऊन चिठ्ठीवर खूण करायची, पेटीत टाकायची, मालकाला पत्ता नाही. पण पॅरिश कौन्सिलची निवडणूक व्हायची ती भरसभेत, हात वर करून. नावं पुकारली जात आणि ज्याला जो हवा त्यासाठी त्यानं हात वर करायचा. निकालावर कुणाचा आक्षेप असला तर चिठ्ठ्यांनी मतदान मागता येई. पण ते मागायलाही सभेतच उठून उभं राहावं लागे, आणि त्याचा खर्च गावाच्या करातून व्हायचा.

आता त्या शाळेच्या खोलीत जाऊन बसा. समोर रेक्टर आहेत. शेजारी तुम्हाला काम देणारा शेतमालक आहे. तुमचं घर त्याचं आहे. भाजी पिकवायला घेतलेला तुकडा चर्चच्या जमिनीतला आहे. आजारपणात, हिवाळ्यात, गावच्या धर्मादाय निधीतून कोळसा किंवा पाव मिळतो, तो कुणाला द्यायचा हे ठरवणारी माणसंही तीच आहेत. आणि आता त्यांच्या विरोधात हात वर करायचा आहे. देशाच्या निवडणुकीत धीट असणारा माणूस गावच्या निवडणुकीत का कचरतो, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. दिल्लीला कुणी का बसेना, रोज गाठ पडते ती गावातल्या माणसाशी.

हात वर करून मतदान घेण्याची ही पद्धत इंग्लंडच्या खेड्यांत दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत चालू राहिली. ती बंद केली १९४८ च्या कायद्यानं. तोपर्यंत गावच्या सभेत प्रत्येक मत हे उघड धैर्याचं काम होतं.

हिग्डन पतिपत्नी

आता आपण बर्स्टनच्या शिक्षकाकडे येऊ. त्यांचं नाव टॉम हिग्डन. जन्म १८६९ चा, सॉमरसेट काउंटीतला, घराणं शेतमजुराचं. पत्नी ॲनी त्यांच्याहून काही वर्षांनी मोठी, अधिक शिकलेली, रीतसर प्रमाणपत्र मिळवलेली शिक्षिका. शाळेत मुख्याध्यापिका ॲनी आणि त्यांच्या हाताखाली दुय्यम शिक्षक टॉम. नवरा-बायकोच्या या क्रमाचं त्या काळच्या खेड्याला नवल वाटलं असेल, पण या दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

१९०२ मध्ये ती दोघं लंडन सोडून नॉरफोकमधल्या वुड डॉलिंग या खेड्यातल्या शाळेत आली. शाळेची इमारत ओली आणि कोंदट. त्याहून वाईट म्हणजे कापणीच्या, पेरणीच्या दिवसांत शेतमालक सरळ वर्गातली मुलं कामाला घेऊन जात. कायद्यानं ते गुन्हाच होता, पण शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर हेच शेतमालक. टॉमनी तक्रारी केल्या, भांडणं झाली, एकदा प्रकरण हातघाईवर जाऊन टॉमना कोर्टात दंडही झाला. मग त्यांच्या लक्षात आलं की मुलाला शेतातून सोडवायचं असेल तर आधी बापाची मान सोडवायला हवी.

१९०६ मध्ये जॉर्ज एडवर्ड्स या जुन्या कार्यकर्त्यानं नॉरफोकमध्ये शेतमजुरांची संघटना पुन्हा उभी केली होती. टॉम सायकलवर बसून गावोगाव तिच्या शाखा काढू लागले. वुड डॉलिंगच्या पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीतही त्यांच्या पुढाकारानं मजुरांनी शेतमालकांना हरवलं. परिणाम व्हायचा तोच झाला. व्यवस्थापक मंडळानं तक्रारींचा पाढा वाचला आणि १९११ च्या सुरुवातीला काउंटीच्या शिक्षण समितीनं या जोडप्याची बदली बर्स्टनला केली.

बर्स्टनलाही शाळा तशीच होती, आणि मजूरही तसेच. थोड्याच दिवसांत गावात नवे रेक्टर आले, रेव्हरंड चार्ल्स टकर ईलंड. चर्चच्या गादीचं त्यांचं वार्षिक उत्पन्न पाचशे पौंडांच्या वर होतं. मजुराच्या वर्षभराच्या कमाईच्या दहा-पंधरा पटींनी जास्त. शिवाय आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखी चर्चची जमीन त्यांच्या ताब्यात. शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षही तेच झाले.

रेक्टर काही कथेतले दुष्ट सावकार नव्हते, हेही सांगायला हवं. गावचा बाप म्हणून गावानं आपल्याकडे पाहावं, आपण चार गोष्टी सांगाव्या आणि लोकांनी ऐकाव्या, ही त्यांच्या मागच्या कित्येक पिढ्यांची रीत होती. त्या रीतीत मजुराला दया मिळे, बरोबरी मिळत नसे. आणि गावातले पुष्कळ मजूर मेथडिस्ट पंथाचे होते. ते चर्चऐवजी आपल्या साध्या चॅपेलमध्ये जात. तिथे मजूरच प्रवचन करत आणि मजूरच हिशेब ठेवत. चारचौघांत उभं राहून बोलायचं कसं, हे ते तिथेच शिकले होते.

निकाल आणि त्याची किंमत

पॅरिश कौन्सिलच्या निवडणुका सुरुवातीला दरवर्षी होत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या दर तीन वर्षांनी होऊ लागल्या. बर्स्टनची पाळी आली मार्च १९१३ मध्ये. टॉमनी मजुरांना उभं राहायला तयार केलं आणि स्वतःही उभे राहिले. मजुरांची पडकी घरं हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. निकाल मी आरंभीच सांगितला. टॉम पहिले, रेक्टर शेवटचे. टॉमबरोबर मजूरही निवडून आले.

आता विचार करा. हे रेक्टर शाळेचे अध्यक्ष, म्हणजे टॉमचे एका अर्थानं वरिष्ठ. शाळेत ज्यानं आपल्यापुढे उभं राहायचं तो गावाच्या सभेत आपल्याला पाडून निवडून येतो. तेही ज्यांनी आपल्याला पाहून टोपी काढायची त्यांच्या मतांवर. पायवाटांचा आणि दिवाबत्तीचा अधिकार गेल्याचं दुःख कुणालाच झालं नसेल. गेली ती गोष्ट वेगळी होती. या गावात कुणाचा शब्द चालतो, याचं उत्तर त्या दिवशी बदललं होतं, आणि ते मोजून दाखवलं गेलं होतं.

त्यानंतर शाळेतल्या बारीकसारीक गोष्टींचे गुन्हे होऊ लागले. पावसात भिजून आलेल्या मुलांचे कपडे वाळावेत म्हणून ॲनीबाईंनी शाळेत शेगडी पेटवली, तर व्यवस्थापकांची परवानगी का घेतली नाही, म्हणून ठपका. मग दोन अनाथ मुलींना मारल्याचा आरोप आला. ॲनीबाईंनी तो साफ नाकारला. मुलांना मारण्याच्या त्या विरुद्ध आहेत हे गावाला माहीत होतं. फेब्रुवारी १९१४ मध्ये शिक्षण समितीची चौकशी झाली, व्यवस्थापकांशी उद्धट वागण्याचाही ठपका आला, आणि दोघांनाही ३१ मार्चपासून कामावरून दूर करण्यात आलं.

१ एप्रिल १९१४ ची सकाळ. नवे शिक्षक शाळेत येऊन बसले. बाहेर मात्र मुलं रांगेत उभी राहिली होती. आदल्या दिवशी त्यांनीच आपापसात ठरवलं होतं. व्हायोलेट पॉटर ही तेरा वर्षांची मुलगी पुढे होती. शाळेच्या पटावरच्या ७२ मुलांपैकी ६६ मुलं आमचे शिक्षक परत द्या, अशा अर्थाचे फलक घेऊन गावातून फेरी काढत निघाली. आईबाप दारात उभे राहून पाहत होते. वर्षभरापूर्वी त्यांनी जे सभेत केलं, तेच आता मुलांनी रस्त्यावर केलं.

मग गावच्या मैदानावर उघड्यावर वर्ग भरू लागले. घराघरांतून खुर्च्या, टेबलं, बाकडी आली. थंडी सुरू झाल्यावर सुताराच्या रिकाम्या जागेत शाळा हलली. मुलं सरकारी शाळेत पाठवत नाही म्हणून १८ पालकांवर समन्स निघालं आणि प्रत्येकाला अडीच शिलिंग दंड झाला. पुढच्या खेपेला ३२ पालक आणि दंड पाच शिलिंग. आठवड्याला तेरा शिलिंग कमावणाऱ्याला पाच शिलिंग म्हणजे काय, याचा हिशेब तुम्हीच करा. दंड वर्गणीतून भरला गेला. आणि मुलं शिकत आहेत, मग ती कुठल्या का शाळेत असेनात, हे स्पष्ट झाल्यावर कोर्टाचा मार्गही बंद झाला.

रेक्टरनी चर्चच्या जमिनीतले तुकडे संपाच्या बाजूच्या माणसांकडून काढून घेतले. काही मजुरांना कामावरून आणि घरातून जाण्याच्या नोटिसा आल्या. म्हणजे हात वर करताना ज्या ज्या गोष्टीची भीती होती ती ती खरी ठरली. पण इथे एक फरक पडला. एकट्यादुकट्याला उठवणं सोपं असतं, अख्ख्या गावाला कसं उठवणार? त्यातच ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, तरुण फौजेत गेले आणि शेतावर माणूस मिळेनासा झाला. ज्या मजुराची किंमत काल कवडीची होती, त्याला आज हाकलणं मालकाला परवडणारं नव्हतं.

दगडावरची नावं

बर्स्टनची बातमी एव्हाना देशभर झाली होती. रेल्वे कामगार, खाणकामगार, सहकारी संस्था यांनी पैसे पाठवले. कामगार चळवळीतले नेते गावाला भेट देऊन गेले. जमलेल्या पैशातून मैदानाच्या कडेला शाळेची पक्की इमारत उभी राहिली आणि १३ मे १९१७ रोजी तिचं उद्घाटन झालं. उद्घाटन केलं व्हायोलेट पॉटरनं. तीन वर्षांपूर्वीची ती फेरीतली मुलगी आता मोठी झाली होती. इमारतीच्या दर्शनी दगडांवर मदत करणाऱ्या संघटनांची नावं कोरली आहेत. देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं असतात, तशी.

हिग्डन पतिपत्नीनं ही शाळा दोन दशकांहून अधिक काळ चालवली. १९३९ मध्ये टॉम वारले. ॲनीबाई पंचाहत्तरीला आल्या होत्या. एकटीनं शाळा चालवणं शक्य नव्हतं. उरलेली थोडी मुलं सरकारी शाळेत गेली आणि संप संपला. १९४६ मध्ये ॲनीबाईही गेल्या. बर्स्टनच्या चर्चच्या आवारात दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. ज्या चर्चच्या रेक्टरशी जन्माचा झगडा झाला, त्याच्याच अंगणात. शाळेची इमारत स्मारक म्हणून जपलेली आहे. १९८४ पासून सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे कामगार संघटनांचा मेळावा भरतो आणि मुलांच्या त्या फेरीच्या वाटेनं लोक चालत जातात.

मग बर्स्टनच्या निवडणुकीचा हिशेब काय लावायचा? हिग्डन पतिपत्नीला सरकारी नोकरी परत मिळाली नाही. त्या अर्थानं संप हरला. पण १९१३ मध्ये ज्यांनी आपल्या मतानं गावच्या कारभाऱ्याला बाजूला केलं, त्यांनी त्या मताची किंमत चुकवायची वेळ आली तेव्हा हात खाली घेतला नाही. मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत मोलाचं वाटतं.

१८९४ चा कायदा चांगला होता. सभेची वेळ त्यानं मजुराच्या सोयीनं ठरवली, जागा ठरवली, मत दिलं. फक्त मत दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाचं काय होईल, याची हमी कायद्यात नव्हती. ती हमी कुठल्याच कायद्यात पुरती लिहिता येत नाही. बर्स्टनमध्ये ती शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दिली. कुणी खुर्ची आणून दिली, कुणी दंडाचे पैसे भरले, कुणी सुतारकामाची जागा मोकळी करून दिली.

आपल्याकडेही ग्रामपंचायतीच्या निवडणुका होतात. निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. पण कुणाच्या तरी घरी त्या दिवसानंतर पाण्याची पाळी चुकते, कुणाचं रोजगाराचं काम थांबतं, कुणाच्या बांधावर कुरापत निघते. अशा वेळी त्याच्या शेजारी जाऊन कोण उभं राहतं, यावर त्या गावची निवडणूक खरोखर झाली की नाही, हे ठरतं. मतपेटी एका दिवसात मोजून होते. बर्स्टनच्या मतांची मोजणी पंचवीस वर्षं चालली होती.